दर एकवीस दिवसांनी

दोन विमान कंपन्या एक झाल्या आणि सभासदांचे पॉइंट्स जोडून घ्यायला ही रांग लागली. माझ्यापुढे ड्युटीवरून थेट आलेल्या नर्सबाई आणि टोपीतले त्यांचे यजमान. काउंटरवरच्या मुलासमोर त्यांचा नंबर लागला.

"अहो, केवढा घाम आलाय! टोपी तरी काढा. हौसेनं टक्कल केलंत आणि आता लपवताय."

"असू दे गं. चल, घरी जाऊ. चार पॉइंट्ससाठी कशाला ताटकळायचं?"

"मॅडम, सरांचं दुसऱ्या कंपनीतही खातं दिसतंय. जोडू ना?"

"नको! म्हणजे... ते माझं नसेल."

"फोन नंबर तुमचाच आहे, सर. चार फेऱ्या, सगळ्या एकाच शहराच्या."

"अहो, तिथं कोण आहे तुमचं?"

"ऑफिसचं काम होतं."

"दादा, तारखा वाचता का जरा?"

"तीन मार्च, चोवीस मार्च, चौदा एप्रिल, पाच मे."

"दर एकवीस दिवसांनी?"

"अगं, योगायोग आहे."

"केमोच्या वॉर्डात अकरा वर्षं काढलीत मी."

यजमानांनी टोपी काढली.

"चार झाले. अजून किती राहिलेत?"