पिवळा डबा

प्राध्यापक व्हियाल : काढून टाक म्हणतो ना! दाढेच्या आतला गर सुजलाय म्हणजे संपला. रूट कॅनाल कर आणि मोकळी हो.

डॉ. मागाली : प्राध्यापक महाशय, खुर्चीत तुम्ही आहात. हत्यारं माझ्या हातात आहेत.

व्हियाल : दात बघायला मीच शिकवलं तुला.

मागाली : शिकवलंत ना. दाह झालेल्या दाताच्या पेशी रोगट कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकायच्या. अभ्यासाला फक्त निरोगी अक्कलदाढा. अख्ख्या मार्सेयमध्ये जी दाढ दुखत नाही, तिच्यावरच तुमचं प्रेम.

व्हियाल : नमुना शुद्ध लागतो, पोरी. सुजलेल्या गरातल्या पेशी म्हणजे आग लागलेल्या घरातली माणसं. ती भिंती बांधत बसत नाहीत.

मागाली : माझ्या पेशी बांधत होत्या, दाताचीच नवी भिंत. सूज थोडी होती तोवर जास्तच हिरिरीने. फार वाढली की मरत होत्या, तेही मी लिहिलं होतं. तुम्ही सुट्टीवरून आलात आणि झाकण न उघडता, पेशी वाढवलेल्या माझ्या सगळ्या बशा डब्यात.

व्हियाल : नियम होता तो.

मागाली : मग आज पाळू या? डाव्या बाजूला ही एकच दाढ तुमची स्वतःची उरलीय. गर काढला की ठिसूळ होईल. एक दिवस पावाच्या कडक टोकावर तुटेल.

व्हियाल : ...दुसरं काय करता येईल?

मागाली : वरचा खराब गर कापते, ओला बोळा दाबून धरते. रक्त थांबलं तर खालचा गर तग धरेल. वर सिमेंट भरायचं, पुढचं त्याचं तो बघेल. नाही थांबलं तर तुमचा नियम.

व्हियाल : आणि हे सगळं तुझ्या त्या बशांच्या भरवशावर?

मागाली : बशा तुम्ही फेकल्यात. दाढ तेवढी उरलीय. आ करा.

(तोंडावर रबराचा पडदा चढतो. आता प्राध्यापकांकडे फक्त घसा उरला आहे.)

मागाली : वा, काय शांतता! विभागाच्या बैठकांना हा पडदा हवा होता.

व्हियाल : अंऽ!

मागाली : हलू नका. कापलं. बोळा ठेवलाय... हं, उचलते. अजून ओलं आहे.

व्हियाल : अं?

मागाली : पुन्हा दाबते. घाबरलात? आता तुम्हालाही वाटतंय ना, आत कुणीतरी भिंत बांधणारं असावं?

व्हियाल : ...अं.

मागाली : थांबलं.

व्हियाल : अं?

मागाली : रक्त थांबलं, महाशय. तुमच्या कचऱ्याने तुमची लाज राखली. सिमेंट भरते... झालं. हा घ्या, पडदा काढला.

व्हियाल : एका दाढेवरून काहीही सिद्ध होत नाही.

मागाली : नाहीच होत. म्हणून तर मला इतक्या बशा लागल्या होत्या.

व्हियाल : ...आत बांधकाम सुरू झालं, हे कळणार कसं?

मागाली : काही महिन्यांनी एक्स-रेत नव्या भिंतीची पांढरी रेघ दिसेल. नाही दिसली, तर काढून टाकते आणि मोकळी होते.

व्हियाल : आणि घरी गेल्यावर दुखलं तर?

मागाली : खूप दुखलं तर फोन करा. थोडं दुखलं, तर त्या पेशींना काम करू द्या.