गावाला जाऊन आलेला फोन

मोंघीबा : लाव की गं हेतल. टँकर पाणी ओतून गेलासुद्धा, आणि तू अजून फोन हातात धरून उभीच.

हेतल : लावते, बा. चार दिवस गोणीत राहून आलाय, जरा पुसून तरी घेते.

मोंघीबा : पुसून! लग्नाला निघालाय का तो? पोर उठेल आता. उठल्या उठल्या तिला आईचा आवाज नाही मिळाला तर हे सगळं मिठाचं रण डोक्यावर घेईल.

हेतल : झोळीत गाढ आहे हो.

मोंघीबा : आत्ता आहे. रतनच्या पोटची आहे ती, तिच्या झोपेचं मला विचार. रतन अशीच होती. निजली म्हणून मी उठायला जावं, तर ही टुकूटुकू बघतेय.

हेतल : बा, आधी जेवून घेता का? रोटले गार होतील. लसणाची चटणी वाटलीय.

मोंघीबा : मला जेवायला घालून काय लपवतेस? फुटला ना फोन? तरी मी सांगत होते, पंधरा घरांचे फोन एका गोणीत भरायचे, बटाटे आहेत का ते? त्या टँकरवाल्या हुसेनने पाडला असेल.

हेतल : हुसेनभाईंना काही बोलू नका. चिठ्ठी आणि रबर लावून दिला होता, तसाच्या तसा आणून दिला त्यांनी.

मोंघीबा : मग गावात नेटवर्क मिळालं नाही त्याला?

हेतल : मिळालं. एकशे बारा मेसेज आलेत.

मोंघीबा : तर मग!

वेलजी : बा, टाकी अर्धीच भरलीय. त्या हुसेनला कुणी विचारलं का नाही? आणि किराण्याच्या पोत्यात गूळ नाही. काय झालं? दोघी अशा का उभ्या?

मोंघीबा : ये रे बाबा. तुझी बायको विरमगामच्या कॉलेजात शिकून आली, तिला आज गाणं लावता येईना. तू लाव. रतनचं.

हेतल : हात धुऊन या आधी. मीठ आहे हातांना.

वेलजी : हेतल.

हेतल : पाण्याचं मी बोलते त्यांच्याशी पुढच्या खेपेला.

वेलजी : हेतल, काय झालं?

हेतल : गाणं नाहीये.

मोंघीबा : नाहीये म्हणजे काय? दिवाळी झाली, आपण गावातून निघालो, ट्रॅक्टरवर खाटा चढत होत्या, तेव्हा तूच म्हणालीस ना, 'बा, रतनबेनचं गाणं फोनमध्ये उतरवून घेतलं, आता नेटवर्क असो नसो, रणात वाजेल'? आणि वाजलं की! मार्गशीर्ष गेला, पौष गेला, रोज वाजलं.

हेतल : उतरवलं होतं. पण ॲपमध्ये उतरवणं म्हणजे नुसतं सांभाळायला दिल्यासारखं असतं, बा. महिनाभर फोनने नेटवर्क पाहिलं नाही की त्याला आपोआप कुलूप लागतं. म्हणून तर दर महिन्याला हुसेनभाईंच्या गोणीत घालत होते ना.

मोंघीबा : ते मला ठाऊक आहे. पोर माताजीला दाखवून आणावं तसा तुझा फोन नेटवर्कला दाखवून आणायचा. आणला ना मग आत्ता? कुलूप कशाचं?

हेतल : कुलूप नाही. वरूनच काढून टाकलंय. रतनबेनचं नाव दिसतं, पण राखेच्या रंगाचं झालंय. दाबलं तर काहीच होत नाही.

वेलजी : कुणी काढलं?

हेतल : ध्रांगध्र्याच्या त्या स्टुडिओवाल्याने. मेसेज आलाय त्याचा. स्टुडिओ बंद केला, मुलाकडे राहायला गेला कायमचा. त्याने ॲपवर चढवलेली सगळ्यांचीच गाणी निघाली. लग्नाची, गरब्याची, सगळी.

वेलजी : त्याच्या कॉम्प्युटरमध्ये असेल की.

हेतल : विकला तो. विकायच्या आधी पुसून टाकणार होता. कुणाला आपलं गाणं हवं असेल तर आठ दिवसांत या, असं लिहिलंय.

वेलजी : मग मी उद्याच मोटरसायकल काढतो. चाळीस किलोमीटर तर आहे गाव. तिथून बस.

हेतल : मेसेज तीन आठवड्यांपूर्वीचा आहे, अहो. आपल्याला आज पोचला.

मोंघीबा : आपण पीठ भरून ठेवतो इथे. पीठ कधी म्हणालंय, महिना झाला, मला एकदा दुकान दाखवून आण? तेलाच्या डब्यातलं तेल दुकानदाराने गावात बसून कधी परत ओढून घेतलंय? रणात आणलं ते आणलं. संपलं तर आपण खाल्लं म्हणून संपलं.

हेतल : हो, बा.

मोंघीबा : हो काय? पाठवलास कशाला मग तो फोन? नव्हता पाठवायचा.

हेतल : नसता पाठवला तर दोन दिवसांनी कुलूप लागलं असतं. तीस दिवस होत आले होते. मी मोजत होते.

मोंघीबा : दोन दिवस तर दोन दिवस. ते दोन दिवस मी ऐकलं असतं.

वेलजी : बा, तिला का बोलतेस? तिने मुद्दाम केलंय का?

हेतल : बोलू द्या. चुकलंच माझं. सगळ्याची काळजी करत बसते मी. वारा सुटला की पोरीच्या डोळ्यांत मीठ जाईल, टाकीचं झाकण उघडं राहिलं तर पाल पडेल, रात्री ताप चढला तर दवाखान्यात कसं न्यायचं. ताप बघायला दहादा कपाळाला हात लावते, तुम्हीच हसता मला. तीस दिवस बोटांवर मोजले. आणि एवढं सुचलं नाही की तुमचा फोन आहे घरात, तो माझ्या फोनसमोर धरून रेकॉर्ड करून ठेवावं. दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांचं!

वेलजी : माझ्या फोनला तर काच पण धड नाही.

हेतल : काचेचं काय करायचंय? आवाज घेतो ना तो! उतरवलं म्हणजे आपलं झालं असं वाटलं मला. शिकलेली मी.

मोंघीबा : रडू नकोस. पोर उठेल. आणि उठली की आता तू बघ काय करायचं ते. पोर झोपायची नाही. ते गाणं कानावर पडल्याशिवाय ती डोळा मिटत नाही, हे मिठाच्या साऱ्या पाट्यांवरच्या बायका सांगतील.

वेलजी : बा.

मोंघीबा : पोटात होती तेव्हापासून ऐकतेय. सातवा लागला होता रतनला, एवढं पोट घेऊन गेली ध्रांगध्र्याला. पोटातल्या जिवासाठीच गायली ती. पोरीला दुसरं काय मिळालं आईचं? दूध मिळालं नाही, मांडी मिळाली नाही. बाप तर वर्ष सरायच्या आत दुसरी घेऊन बसला. एवढा आवाज तेवढा होता.

वेलजी : बा, फोन गेला त्याला चार दिवस झाले.

मोंघीबा : मग?

वेलजी : चार दिवस पोर झोपली की.

मोंघीबा : कशी झोपली? मी जोजवली म्हणून झोपली.

वेलजी : इंजिनावर झोपते ती, बा. आपलं पाण्याचं इंजिन. त्याच्या ठोक्यावर. परवा पट्टा तुटला, इंजिन बंद पडलं, आठवतं? तेव्हा दचकून उठली आणि रडायला लागली. मी पट्टा चढवला, इंजिन सुरू झालं, ही गप्प. बरेच दिवस बघतोय मी.

मोंघीबा : हेतल? तूही बघत होतीस?

हेतल : दिवसाला शंभरदा तिच्याकडे बघते मी, बा. दिसणारच ना.

मोंघीबा : मग मला सांगितलं नाही कुणी.

हेतल : काय सांगायचं? तुम्ही झोळीशी बसायचात, गाणं लागायचं, तुमचा हात दोरीवर. पोर निजली तरी तुम्ही म्हणायचात, अजून एकदा लाव, कच्ची झोप आहे. मी लावायची.

मोंघीबा : म्हणजे पोरीला नको होतं ते.

हेतल : नको कसं असेल?

मोंघीबा : सरळ म्हण ना, म्हातारीला हवं होतं.

वेलजी : बा, बस इथे. खाटेवर बस.

मोंघीबा : नऊ वर्षांची असल्यापासून गायची ती. दाताळं घेऊन मिठात उतरली की सुरू. आणि मी ओरडायची, गळा नको चालवू, हात चालव. पाट्याच्या त्या टोकाला तिचा बाप, या टोकाला मी, मधे ती. उन्हात मीठ असं चमकायचं की पोर दिसायची नाही, नुसता आवाज यायचा. मला वाटायचं, आहे आवाज, म्हणजे आहे पोर, चाललंय काम. ऐकलं नाही मी कधी. खरंच सांगते. बसून, हातातलं टाकून, एकदाही ऐकलं नाही. ती मेली तेव्हा कळलं मला की चांगली गायची.

हेतल : सगळं गावच म्हणायचं.

मोंघीबा : गाव म्हणायचं. मी म्हणाले नाही. आणि मग हा तुझा फोन. पोरीच्या नावाने बसायचं नि ऐकायचं. तेही धड कुठे? ऐकता ऐकता तोंड चालूच माझं. चुलीवर काय ठेवलंय, दाताळं कुठे पडलंय, वेलजी जेवला का. वाटायचं, उद्या आहेच की.

वेलजी : चल, दोन घास खाऊन घे. मी पण येतो.

मोंघीबा : गूळ नाही म्हणालास ना?

वेलजी : नाही. किराणावाला शामजी विसरला असेल द्यायला.

मोंघीबा : मी सांगितला होता. दोन किलो. तुझ्या फोनमध्ये तोंडाने सांगितला होता, मला काय लिहिता येतंय?

वेलजी : तूच विसरली असशील.

मोंघीबा : मी विसरेन? पीठ, चहा, गूळ, काडेपेट्या. मी म्हातारी झालेय, वेडी नाही. लाव, तुझ्या फोनमध्ये असेल अजून. पुढच्या खेपेला त्या शामजीला पुन्हा ऐकवू.

वेलजी : असू दे ना आता गूळ.

मोंघीबा : लाव म्हणते ना! एक तरी गोष्ट माझी खरी होऊ दे आज.

वेलजी : थांब. हा बघ. गावात नेटवर्क लागताच गेलाय निरोप, पोचलाय. हा घे.

फोनमधली मोंघीबा : अरे शामजी, ऐकतोस का? मोंघीबा बोलतेय, वेलजीची बा. पीठ दहा किलो दे. मागच्यासारखं किडकं दिलंस तर टँकरमधून परत पाठवीन...

(तिच्या मागे, इंजिनाच्या ठोक्यांमधून, एक तरुण आवाज गातोय : 'समुद्र गेला निघून बाई, मीठ ठेवून मागं, निजली माझी मीठकणी, रण सारं जागं...')

फोनमधली मोंघीबा : ...चहा अर्धा किलो. आणि गूळ, दोन किलो, काळा नको. अगं हेतल, ते जरा बारीक कर गं! मला बोलू दे. हां, काडेपेट्या...

हेतल : बा.

वेलजी : हे कधीचं?

हेतल : फोन दिले त्या सकाळचं. पोर झोळीत होती. माझ्या फोनवर गाणं चालू होतं, तुमचा फोन बांच्या हातात होता. मीच बारीक केलं.

मोंघीबा : मी सांगितलं म्हणून केलंस.

वेलजी : बेचाळीस सेकंदांचा निरोप आहे. तिचा आवाज, बारीक करायच्या आधी... वीसेक असेल.

हेतल : थांबा, काही दाबू नका तुम्ही. तुटकी काच आहे, भलतंच काहीतरी दाबलं जाईल. अहो, द्या माझ्याकडे. हे शेजारच्या जिवूभाभींच्या फोनमध्ये घेऊन ठेवते, आणि मेमरी कार्डावर, आणि हा फोन आता गोणीत घालायचा नाही. कुणाला द्यायचा नाही. बॅटरी किती आहे?

वेलजी : पुष्कळ आहे. घाबरू नकोस.

हेतल : हे जाणार नाही ना कुठे? हे तर आपलंच आहे ना?

वेलजी : आपलंच आहे.

मोंघीबा : ठेवशील सगळं नंतर. आधी पुन्हा लाव.

हेतल : बा, यात गाण्यापेक्षा तुमचाच आवाज मोठा आहे. गाणं असं मागे, लांबून...

मोंघीबा : लाव गं. या वेळी मी मधे बोलणार नाही.