मोराच्या खिळ्यावरचं अक्षर

मंगरूळपीरच्या बसस्थानकावर वैभवी बाळाला थोपटत बसली होती. मागच्या बाकावर दोन जावा बोलत होत्या, थोरली बेबीताई आणि धाकटी मंजुषा.

"माया मण्याईचा मोर भिंतीवरून काढून मामाजीनं तिथी तुयं चित्र टांगलं. काय हाय गं असं त्याच्यात?"

"हिब्रू लिपीतलं पयलं अक्षर हाय, ताई. ज्यू लोकाईचं. चित्राच्या शिबिरात शिकली मी."

"घरात कोनाले वाचता येते थे?"

"वाचाचं नाही, पाहाचं. वरचा तुकडा देव, खालचा मानूस. मंधातली तिरपी रेघ दोघाईले जोडते."

"म्हंजे वर तू, खाली मी. मले कोनती रेघ जोडून राह्यली?"

"असं काहून म्हनता, ताई?"

"माहेरून आनला व्हता थो मोर. आता कोठीमांगं पडला हाय. पाव्हने आले का मामाजी 'धाकल्या सुनेचं' म्हून तुयंच अक्षर दाखोतेत. तोंडानं म्हनतेत कसं थे अक्षर?"

"त्याले सोताचा आवाजच नसते. बोलाच्या आंधीचा श्वास म्हनतेत त्याले."

बाळ कुरकुरलं. वैभवीनं त्याला घाईनं छातीशी धरलं, आवाज करू दिला नाही.

"मामाजी मोर काढून राह्यले व्हते, तवा तू तिथीच उभी व्हती ना, मंजे?"

"हो."

"अक्षराले नसीन आवाज. तुले तं व्हता."