नवसाचं कॉकटेल

फ्लॉरेन्समध्ये कॉकटेल कुठे प्यावं, हे आमच्या मंदारला विचारा. नोकरी कुवेतमध्ये, तिथे दारूबंदी, म्हणून हा पठ्ठ्या तिथल्या एगैला भागातल्या फ्लॅटमध्ये लिंबू-पुदिना पीत फ्लॉरेन्सच्या बारांचा अभ्यास करायचा. कुठल्या गच्चीवरून तिथल्या कॅथेड्रलचा घुमट दिसतो, कुठे पेयाबरोबर खाणं फुकट, सगळं तोंडपाठ! आणि ऐन सहलीच्या वेळी इटलीचा व्हिसा अडकला. गडी इतका हादरला, की पुण्यातल्या आईला फोनवर साक्षी ठेवून गणपतीला नवस बोलला, "व्हिसा मिळू दे, वर्षभर संकष्टी करीन."

व्हिसा मिळाला. फ्लॉरेन्समधली पहिलीच संध्याकाळ, ठरलेली गच्ची, समोर घुमट, हातात लालभडक ग्लास. तेवढ्यात बायको, मंजिरी, म्हणाली, "अरे, आज संकष्टी आहे."

"यात संत्र्याची फोड आहे. फळ चालतं उपासाला."

"आणि फोडीखालचं?"

चंद्र उगवायला तिथे अजून वेळ होता. पण पुण्यात रात्र झाली होती ना! मंदारने लगेच आईला फोन लावला. "आई, चंद्र दिसला का गं?"

"केव्हाच! आमची जेवणंसुद्धा झाली. तू अजून उपाशीच?"

"आता सोडतोच आहे. समोर सरबत आलंय."

"मग घे की. पण आधी बाप्पाला नैवेद्य दाखव हो. त्याच्यामुळे पोचलास तिथे."

मंदारने हातातला ग्लास टेबलावर ठेवला. मंजिरीने तो शांतपणे आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, "मी काही नवस बोलले नव्हते."