आधी माल, मग खोकं

दोन हजार बावीसचा मे, उन्हाळा असा की खिळ्याला हात लावला तर चटका बसावा, आणि त्यात एका मूर्तिकाराने माझं खोकं परत पाठवलं... परत! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं लाकडी खोकी ठोकतोय, यंत्रं गेली, आरसे गेले, झुंबरं गेली, एक खोकं कधी परत आलं नव्हतं. हे आलं ते वेबसाइटमुळे.

वेबसाइट केली भाच्याने. फुकट. ‘मामा, तुमच्याकडून पैसे घेऊ?’ मी म्हटलं, फुकटचं मी घेत नाही, तुला हवं तेव्हा एक खोकं देणं लागतो. शब्द दिला. मग हा काय करतो, तर पडद्यावर आधी चौकटी आखतो, निळ्या, गोल कोपऱ्यांच्या, आणि प्रत्येकीत लिहितो, ‘मजकूर इथे येईल’. कोणता मजकूर? ते नंतर बघू म्हणे. नंतर कसं? आमच्या धंद्यात आधी माल, मग खोकं. माल न बघता फळी कापणाऱ्याला मी दारात उभा करत नाही.

तरी सांगितलं सगळं. सुनेने लिहून घेतलं, दोन पानं भरली... गिऱ्हाइकाला काय विचारायचं, वजन कुठल्या बाजूला, उचलायचं कुठून, बाहेर काय डोकावतं. भाच्याने वाचलं, मान हलवली. ‘मामा, तीन ओळींत बसवा. डिझाइन बिघडतं.’ शेवटी राहिलं काय? लांबी, रुंदी, उंची.

खोकं मागवताना मूर्तिकाराने तेवढंच भरलं. बाईची मूर्ती, उंची डोक्यापर्यंत मोजली. माणसाची उंची तशीच मोजतात ना? पण या बाईचा हात वर! कोपरापासून पुढचा सगळा झाकणाबाहेर. फोनवर शांतपणे विचारतो, ‘काका, हात कापू की खोकं परत पाठवू?’ चाळीस वर्षांचं नाव, आणि गेलं कशापायी, तर तीन ओळींपायी.

दोन आठवड्यांनी भाचाच आला. घर बदलत होता, आईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, शिलाई मशीन न्यायचं होतं. ‘मामा, ते एक खोकं...’ म्हटलं, उद्या मशीन घेऊन ये. आणि ठोकलं. रंधा मारून गुळगुळीत, कोपरे गोल, रंग निळा. आत चिठ्ठी डकवली, ‘मशीन इथे येईल’. दुसऱ्या दिवशी त्याने मशीन आत ठेवलं.

‘मामा, चाक बाहेर राहतंय.’

‘चाक काढ. डिझाइन बिघडतं.’

त्याने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग स्टूल ओढलं आणि माझ्या फोनशेजारी बसला, चांगला चार दिवस. मी गिऱ्हाइकाला काय विचारतो, ते काय सांगतात, कुठे अडखळतात, सगळं टिपलं आणि मग चौकटी आखल्या. आधी माल, मग खोकं! आता पहिलाच प्रश्न, ‘वस्तूचा कोणता भाग सगळ्यांत बाहेर येतो?’ शेजारी चित्र, हात वर केलेल्या बाईचं. मूर्तिकाराने पुन्हा भरलं, झाकण बसलं.

तेव्हापासून लोक तिथेच वाचतात, बिनचूक भरतात, फोन म्हणून कुणी करत नाही. दिवसभर ओरडायला माणूस मिळत नाही मला... असो.

बहिणीच्या मशीनचं माप घेतलं, चाकासकट, आणि दुसरं खोकं केलं. देणं फिटलं.