गंगूच्या मोटारीची किल्ली

मला कुलपं-किल्ल्यांच्या कामात हळू म्हणून चिडवता ना? एकदा त्याचा उपयोग झालता, ऐका.

निपाणीच्या तंबाखूवाल्या आप्पांची गंगू ही आईवेगळी, एकुलती लेक. तिची सदलग्याला पाठवणी होती, मोटारीतून. मोटारीच्या दाराचं कुलूप मोडलेलं, म्हणून मी सकाळी नवं बसवलं आणि ऐन वेळी किल्लीच जुळेना. दार बंद. कानस घेऊन मी किल्ली घासत बसलो.

नवऱ्याचा काका ओरडला, "बैलगाडी जुंपली असती तर आतापतोर सदलगा आलं असतं!"

आप्पा माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "सावकाश घास रं." आणि जाऊन कट्ट्यावर लेकीचा हात धरून बसले.

थोड्या वेळानं किल्ली फिरली, टक् वाजलं. मी कट्ट्याकडं बघितलं, किल्ली परत काढली. म्हणालो, "अजून जरा अडतीया." आणि नुसताच घासत राहिलो. काका बडबडून दमला.

शेवटी गंगूच उठून आली. डोळे भरलेले.

"मामा, टक् झालेलं मी ऐकलं, आप्पांनीबी ऐकलं. आता उघडा, न्हाईतर माझंच पाऊल निघायचं न्हाय."