‘वारस’ शब्दाची तिसरी चिठ्ठी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बोली-शब्दकोश मंडळाचे प्रमुख, जे घरी माझे धाकटे बंधूही लागतात. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, ज्यांच्या छापखान्यात गेली वीस वर्षं आपला कोश छापला जातो. माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत बसून चहाच्या दिशेनं डोळे लावलेल्या श्रोत्यांनो,

सर्वांत आधी या टेबल-दिव्याबद्दल आभार. चिठ्ठ्यांच्या खोलीत उजेड कमी आहे, एक दिवा मिळावा, असा अर्ज मी अठरा वर्षांपूर्वी केला होता. तो आज मंजूर झाला. देर आये असं म्हणतात, पण इतकी देर झाली की आता ती खोलीच माझी राहिली नाही. असो. घरी लावीन.

माझ्याआधी चार जण बोलले. फार चांगलं बोलले. त्यातल्या तिघांनी एकच वाक्य म्हटलं: ‘बाबांचं कार्य त्यांच्या वारसानं, म्हणजे अध्यक्षांनी, पुढे नेलं; ताईंनी त्यांना साथ दिली.’ साथ दिली! चौतीस वर्षं मी बाजारात, दवाखान्यात, बसथांब्यावर, न्हाव्याच्या दुकानाबाहेर उभी राहून लोकांची बोलणी टिपली, एकेक वाक्य एकेका चिठ्ठीवर उतरवलं, त्याला साथ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. पण मग मूळ गाणं कोण गात होतं, तेही एकदा सांगून टाका.

रागावू नका. निरोपाच्या दिवशी माणसानं गोड बोलावं हे मलाही ठाऊक आहे. पण माझा अर्धा जन्म शब्दांचे अर्थ लावण्यात गेलाय, आणि आज ज्या शब्दावर माझं घोडं अडलंय तो नेमका हाच आहे. वारस.

हा कोश सुरू करणाऱ्या माझ्या बाबांनी पहिल्या आवृत्तीत या शब्दाचा अर्थ दिला: ‘मालमत्ता किंवा काम पुढे चालवणारा मुलगा, मुलगा नसल्यास भाऊ किंवा पुतण्या.’ मी चोवीस वर्षांची होते, नुकतीच कामाला लागले होते. मी विचारलं, ‘बाबा, मुलगी?’ ते म्हणाले, ‘चिठ्ठी आण.’ कायद्याच्या पुस्तकात काय आहे ते त्यांना चालायचं नाही. आपला कोश लोकांच्या तोंडचा. कायदा काय म्हणतो ते वकील बघतील, माणसं काय म्हणतात ते आपण बघायचं.

मग मी एक पाप केलं. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. घरी बसून, मनानंच, एक वाक्य रचलं: ‘ती तिच्या वडिलांची वारस आहे.’ चिठ्ठीवर खोटंच लिहिलं: कुठे ऐकलं, तर भाजीबाजारात. कोण म्हणालं, तर एक गिऱ्हाईक. बाबांनी चिठ्ठी हातात घेतली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिचे चार तुकडे केले. ‘मनातलं नको,’ म्हणाले, ‘जगातलं आण.’ त्या दिवशी मी जेवले नाही. पण खरं सांगते, त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी जगातलं शोधतेय. या शब्दाच्या बासष्ट चिठ्ठ्या माझ्या हातच्या आहेत. न्हाव्याच्या दुकानातली एक ऐका: ‘चार मुली आहेत हो, पण वारस नाही.’ बोलणारा रडवेला झाला होता आणि त्याची थोरली मुलगी त्याला घरी न्यायला दारात उभी होती. हेही मी उतरवून घेतलं. आणि बाबा गेल्यावर मंडळाच्या बैठकीत जो ठराव झाला, ‘संस्थापकांचे वारस म्हणून त्यांच्या चिरंजीवांची निवड करण्यात येत आहे,’ तो सचिवांनी मोठ्यानं वाचला तेव्हा मी खोलीत होते. त्याचीही चिठ्ठी केली. चाळिसावी. पुरावा तो पुरावा.

भावाला मी दोष देत नाही. त्यानं छपराची गळती थांबवली, पगार वेळेवर केले. तो नसता तर चिठ्ठ्यांचा भिजून लगदा झाला असता. पण ‘वडील कोशात काय करत होते’ असं विचारलं तर तो अजूनही माझ्याकडे बघतो.

शोधता शोधता मुलीला वारस म्हणणाऱ्या दोन चिठ्ठ्या मिळाल्या. पहिली किल्ल्या करणाऱ्याच्या टपरीत. एक गिऱ्हाईक म्हणालं, ‘काका, तुमच्यामागे हे कोण बघणार? वारस तर कुणी दिसत नाही.’ शेजारी त्यांची मुलगी यंत्रावर किल्ली घासत होती. काकांनी मान वर न करता विचारलं, ‘मग ही काय पाहुणी आली आहे? वारस आहे माझी.’ मी तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. एकाऐवजी तीन किल्ल्या करून घेतल्या, आनंदानं. दुसरी चिठ्ठी बँकेतली. खिडकीतला कारकून म्हणाला, ‘बाई, वारसाला पाठवा.’ समोरची बाई म्हणाली, ‘वारसच उभी आहे तुमच्यासमोर, साहेब. चष्मा पुसा.’

नव्या आवृत्तीसाठी मी अर्थ लिहिला: ‘मालमत्ता किंवा काम पुढे चालवणारा मुलगा किंवा मुलगी.’ आज सकाळी अध्यक्षांनी त्या पानावर लाल रेघ मारली. मला बोलावून म्हणाले, ‘ताई, तुझ्याकडे दोनच चिठ्ठ्या आहेत. नव्या अर्थाला तीन लागतात. नियम बाबांचा आहे, माझा नाही. पान उद्या छापायला जाणार, जुना अर्थच जाऊ दे.’

मी वाद घातला नाही. नियम खरा आहे. तीन हव्यात म्हणजे तीनच हव्यात. मी टेबल आवरलं, किल्ल्या दिल्या आणि पाच वाजता हजेरीपटावर शेवटची सही केली.

आता साडेसहा झालेत. अध्यक्षमहोदय, बाबांचा आणखी एक नियम आपल्याला आठवत असेल. मंडळाच्या नोकराचं स्वतःचं बोलणं पुरावा म्हणून चालत नाही. बरोबर आहे. पण मी दीड तासापासून मंडळाची नोकर नाही. मी जगातली आहे. आणि जगातल्या कुठल्याही बाईनं चारचौघांत, मनापासून, खरं म्हणून एखादं वाक्य उच्चारलं, तर ते टिपणं हे या मंडळाचं काम आहे.

तेव्हा टंकलेखक बाई, आपण पहिल्या रांगेत आहात, कोरी चिठ्ठी काढा. दोनशे माणसं ऐकताहेत. लिहा.

मी माझ्या वडिलांची वारस आहे.

ठिकाण, हे सभागृह. बोलणारी, निवृत्त कर्मचारी, वय अठ्ठावन्न. उद्या कुणी शंका काढू नये म्हणून ऐकणाऱ्या दोघांच्या सह्याही हव्यात. एक पाहुण्यांची घ्या, उद्या पान त्यांनाच छापायचं आहे.

आपण सगळे माझ्यासाठी वेळ काढून आलात, चौतीस वर्षं माझं तिरसट बोलणं सोसलंत, त्याबद्दल ऋणी आहे. भाषणात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द जास्त लागला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. फक्त त्या एका वाक्याची माफी मागणार नाही.

आणि बाळ, दुसरी सही तुझी. तू ऐकलंयस. हे घे पेन.